मशीन क्लिअर होतं, अडकलं ते खालचं लाकूड

सांगलीत माझं पॅकिंग मशीनचं काम आहे, छोटंच. मसालेवाले, हळद पावडरवाले, फरसाणवाले, चहावाले असे गिऱ्हाईक, कुणाला पाउच मशीन लागतं, कुणाला नुसता बँड सीलर (पिशवीचं तोंड चिकटवणारा), आणि यातलं बरंचसं मी चीनमधनं आणतो. झेजियांग प्रांतात वेन्झोऊजवळ रुईआन म्हणून शहर आहे, तिथं पॅकिंग मशीनचे कारखाने लाइनीनं आहेत. अख्खा कंटेनर भरण्याइतका माझा धंदा नाही त्यामुळं माल एलसीएलमध्ये येतो, म्हणजे एका कंटेनरमध्ये बऱ्याच जणांचा माल, निंगबोवरनं न्हावा शेवाला, मग उरणच्या बाजूला सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामात, कंटेनर रिकामा करतात आणि ज्याचा त्यानं आपापला माल सोडवायचा.

ही गोष्ट हळदीच्या सीझनमधली. कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद पावडरवाल्या अण्णांसाठी ऑगर फिलर (पावडर मोजून भरणारं मशीन) मागवला होता. फेब्रुवारीपासनं सांगलीच्या यार्डात नवी हळद यायला लागते आणि मार्च-एप्रिलला या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यामुळं मशीन त्याच्या आत हवं असं ठरलेलं. तीस टक्के ॲडव्हान्स दिला, चालत्या मशीनचा व्हिडिओ बघून बाकीचे सत्तर टक्के सोडले, जहाज लागायच्या आधी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडं भरायचा कागद, फाइल झालं (उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार लेट फी आहे आणि त्यानंतर रोज १० हजार, छोट्या माणसाला ते परवडत नाही). ड्युटीचा हिशोब मला आता तोंडपाठ आहे, साडेसात टक्के बेसिक, त्या बेसिकवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग सगळं धरून वर अठरा टक्के आयजीएसटी, एकूण २७.७३५ टक्के. त्यातला आयजीएसटी क्रेडिटमध्ये परत येतो पण भरायच्या दिवशी पैसे खिशातनंच जातात.

सगळं सुरळीत चाललेलं आणि कस्टमच्या सिस्टीमनं बिल एक्झामिनेशनला, म्हणजे माल उघडून तपासायला, टाकलं. हल्ली ड्युटीची तपासणी दुसऱ्याच कुठल्यातरी शहरातला अधिकारी कॉम्प्युटरवर करतो, पण पेटी उघडून बघायची तर ती जिथं माल आहे तिथंच. कस्टमचं काम बघणारा माझा एजंट म्हणाला तुम्ही स्वतः आलात तर बरं, मशीनबद्दल काही विचारलं तर आमच्या पोराला सांगता येणार नाही. मी रात्रीच निघालो, करळ फाट्याच्या ट्रेलरच्या रांगेतनं कसाबसा सकाळी सीएफएसला पोचलो.

पेटी बाहेरनं एकदम चांगली होती. चारी बाजूनं प्लायवूड आणि खाली जाड लाकडाचे स्किड, म्हणजे पेटीच्या बुडाचे दांडे. प्लायवूडला कीड मारल्याचा शिक्का लागत नाही कारण ते गोंद, उष्णता आणि दाबानं बनलेलं असतं, त्यात कीड जिवंत राहत नाही. पण स्किडचं लाकूड साधं कापलेलं असतं त्यामुळं त्याच्यावर आयपीपीसीचा (झाडांच्या किडी रोखायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) शिक्का पाहिजेच, गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, सीएन म्हणजे चीन, कारखान्याचा नंबर आणि एचटी. एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्री उष्णता सलग किमान ३० मिनिटं. हे सगळं आमच्या स्किडवर स्पष्ट उमटलेलं, मी फोटो काढले आणि निर्धास्त झालो.

मग लोडर लोकांनी झाकण काढलं, पुढची बाजू खोलली. त्यातले एक वयस्कर मामा वाकून मशीनच्या पायाखाली हात फिरवत होते, त्यांनी बोटं मला दाखवली आणि म्हणाले, शेठ, पीठ पडलंय बघा.

मशीन हलू नये म्हणून पायांच्या आणि स्किडच्या मधे कुणीतरी दोन ठोकळे ठोकलेले. कच्चं लाकूड, एका कडेला सालसुद्धा तशीच, शिक्का कुठं नाही, आणि त्याच्यात पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं, खाली बारीक पिवळसर भुसा.

एजंटचा पोरगा हुशार, कामाला वाघ. तो लगेच म्हणाला सर, कस्टमचे साहेब अजून यायचेत, हे दोन ठोकळे काढून मागं टाकून देतो, बाकी सगळं क्लीन आहे, दुपारपर्यंत आउट ऑफ चार्ज (माल सोडायची कस्टमची परवानगी) घेतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, माझं ग्राउंड रेंट (माल पडून राहिल्याचं भाडं) वाचावं आणि गाडी आजच निघावी एवढाच त्याचा विचार. आणि खरं सांगायचं तर अण्णांचा सकाळपासनं दोनदा फोन येऊन गेलेला.

पण तो भुसा मी ओळखत होतो. आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग होती. द्राक्षाला खोडकिडा लागतो, भुंगेरा सालीत अंडी घालतो आणि अळी खोडाच्या आत शिरते. बाहेरनं वेल हिरवीगार दिसते, घड लागतात, आणि एक दिवस खोडाच्या बुडाशी असाच भुसा दिसतो. तो दिसेपर्यंत आत पोकळ झालेलं असतं. वडील तारेचा हूक करून एकेका भोकातनं अळ्या ओढून काढायचे, भोकात औषध सोडून वर चिखल लिंपायचे, सगळं करून बघितलं, शेवटी बाग काढावी लागली. ती कीड इथलीच, माहितीतली, तिच्यावर कृषी विद्यापीठं काम करतात, तरी ही अवस्था. आणि हा ठोकळा निंगबोवरनं आलेला, आत कुठली जात बसलीय कुणाला माहीत, तो काढून मागं टाकायचा म्हणजे कुठं, तर कंपाउंडच्या पलीकडं, जिथं आंबा आहे, शिरीष आहे, लोकांच्या वाड्या आहेत. मी त्याला सांगितलं हात लावू नको, आहे तसं साहेबांना दाखवायचं. तो माझ्याकडं बघतच राहिला.

साहेब आले, मी स्वतः दाखवलं. त्यांनी खिशातल्या चाकूनं भोकाच्या कडेचा कपचा उडवला आणि आत अळी होती, पांढरट पिवळी, बिनपायाची, जिवंत. मग विषय कस्टमच्या हातातनं प्लांट क्वारंटाइनकडं, म्हणजे बाहेरनं येणारी झाडांची कीड अडवणाऱ्या सरकारी खात्याकडं, गेला. पेटी प्लास्टिकनं गुंडाळायला लावली, त्याच कंटेनरमधनं आलेल्या बाकीच्यांच्या पेट्यापण बघायला घेतल्या. भिवंडीचे एक जण आपल्या मालासाठी थांबलेले ते माझ्यावर जाम चिडले, तुमच्यामुळं आमचा माल अडकला म्हणून, आणि त्यांचं चिडणं मला पटतही होतं, पण त्यांना मी ठोकळा दाखवला, अळी दाखवली. ते गप्प झाले, राग काही गेला नाही.

दुपारी क्वारंटाइनचे अधिकारी आले. फार शांतपणे बोलणारे गृहस्थ. अमेरिकेत १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाडांवर चीनकडचा लांब मिशांचा भुंगेरा सापडला, तो अशाच पॅकिंगच्या लाकडातनं आलेला, तो आटोक्यात आणायला तिथं हजारो झाडं तोडावी लागली, असं त्यांनी पंचनामा लिहिता लिहिता सांगितलं. त्यानंतर २००२ मध्ये पॅकिंगच्या लाकडाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसपीएम १५, आणि आपल्याकडं २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली हे सगळं बघितलं जातं. स्किडवरचा एचटी शिक्का आजवर मी नुसता कागदाला जोडायचा फोटो म्हणून बघत होतो, तो कुठनं आला हे त्या शेडमध्ये उभं राहून कळलं.

खरा पेच पुढं होता. लाकूड फ्युमिगेट करायचं, म्हणजे गॅसनं आतली कीड मारायची, हे ठीक, पण मशीनसकट पेटीवर ताडपत्री टाकून गॅस सोडला तर? फॉस्फिन वापरलं तर ते तांब्याला खातं, कंट्रोल पॅनेलमध्ये सगळं तांबंच. मिथाइल ब्रोमाइड तांब्याला तसं काही करत नाही, पण रबर आणि स्पंजमध्ये गंधक असतं त्याच्याशी त्याची रिॲक्शन होऊन घाण वास बसतो तो जाता जात नाही, आणि या मशीनला रबरी पट्टे होते, सील होते, त्याच्यातनं माणसांच्या पोटात जाणारी हळद जाणार. मी हे सगळं त्यांना सांगितलं, मॅन्युअलमधली पार्टची यादी दाखवली. एजंटच्या मोठ्या साहेबांनी तिथंच अर्ज टाइप करून आणला की मशीनमध्ये कुठंच लाकूड नाही, ते लाकडापासनं वेगळं करून तपासावं आणि लाकूड सगळंच्या सगळं, शिक्क्याच्या स्किडसकट, ट्रीट करून नष्ट करावं, खर्च आमचा. अधिकाऱ्यांनी टॉर्च घेऊन मशीन खालनं वरनं, कव्हर काढून आतनं बघितलं, बराच वेळ घेतला, आणि मग हो म्हणाले. दरवेळी असं मान्य होईल असं कुणी धरून चालू नये, इथं मशीन उघडं, लाकूड सुटं आणि जागेवर दाखवता आलं म्हणून झालं.

फोर्कलिफ्टनं मशीन उचलून प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवलं. लाकूड ताडपत्रीखाली गेलं, घनमीटरला ४८ ग्रॅम मिथाइल ब्रोमाइड, २४ तास. हा गॅस ओझोनला घातक म्हणून माँट्रियल करारानं जवळपास सगळीकडं बंद झालाय, क्वारंटाइनसाठी तेवढी सूट आहे. ताडपत्रीच्या कडेनं वाळूच्या पिशव्या लावताना मामांना मी म्हटलं, तुम्ही बोलला नसता तर मला दिसलंच नसतं. ते म्हणाले, आमच्या दारात आंबा आहे ना.

संध्याकाळी अण्णांना फोन केला, मशीन आज निघत नाही, उद्या-परवा सुटेल, कारण हे असं असं आहे. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की अळी किती मोठी होती. हळदीला कंदमाशी लागून गेलेलं वर्ष त्यांच्यापण लक्षात होतं.

सप्लायरशी व्हिडिओ कॉल त्याच रात्री. तिथल्या सेल्सच्या मुलीला आधी पटेना, पेटी शिक्क्याची आहे म्हणून सर्टिफिकेट पाठवायला लागली. मी फोटो पाठवले तशी ती पॅकिंग खात्यात गेली आणि तिथनंच फोन केला, मशीन डुगडुगत होतं म्हणून कामगारानं आवारातलं पडलेलं लाकूड तोडून घातलेलं. फ्युमिगेशन, ग्राउंड रेंट, फोर्कलिफ्ट असं मिळून जे बिल झालं त्याचं अर्धं त्यांनी पुढच्या ऑर्डरमधनं वजा करून दिलं, पूर्ण द्यायला हवं होतं असं माझं अजून मत आहे.

मशीन कुपवाडला सीझनच्या आत लागलं. आता माझ्या प्रत्येक पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) वेगळी ओळ असते, पेटीच्या आत किंवा बाहेर, ठोकळा असो, पाचर असो, पट्टी असो, लाकूड असेल तर शिक्क्याचं नाहीतर प्लाय, आणि झाकण ठोकायच्या आधी आतले फोटो आल्याशिवाय सत्तर टक्के सुटणार नाहीत. एजंटच्या त्या पोरानं हीच ओळ माझ्याकडनं मागून घेतली आणि त्याच्या दुसऱ्या पार्ट्यांना पाठवतो.