सतरा जणांची पट्टी

आमचे शेजारी दर मंगळवारी एका हौशी बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात, ट्रॉम्बोन वाजवतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला तालमीला नेलं. न्यू जर्सीतल्या एका शाळेची संगीताची खोली. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. एकूण सतरा. त्यांच्यापुढे माइकपाशी एक नवी गायिका.

पहिलंच गाणं अडलं. 'फ्लाय मी टु द मून'. बँडकडची प्रत होती अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या पट्टीतली, म्हणजे पांढरी एक. तिथेच गायलं तर तिचा आवाज खर्जात बुडायचा आणि सप्तक वर घेतलं तर बोलता बोलता गावं तसा मोकळेपणा जायचा. मला वाटलं, आता पट्टी बदलतील. आपल्याकडे तानपुरा जुळवायचा, तबलजी दुसरा तबला काढतो, पेटीवाला बोटं सरकवतो, झालं.

इथे प्रत्येकाच्या पुढ्यात चार्ट असतो, त्याच्या वाद्याचे सूर लिहिलेला कागद. आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावरचा सूर आणि प्रत्यक्ष वाजणारा सूर वेगळे, ट्रम्पेटचं गणित आणखी वेगळं. पट्टी बदलली की सगळ्यांचे कागद बदलतात. नुसतं सरकवूनही भागत नाही. ट्रम्पेटचा एखादा वरचा सूर आवाक्याबाहेर गेला, तर तो संपूर्ण भाग नव्याने वाटून द्यावा लागतो. हे काम अरेंजरचं, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणाऱ्याचं. गाण्याचा चेहरामोहरा तोच ठरवतो. हेच गाणं बघा: बार्ट हॉवर्डनी १९५४ साली लिहिलं तेव्हा ते तीन मात्रांचं, वॉल्ट्झच्या चालीचं होतं. १९६४ मध्ये क्विन्सी जोन्सनी सिनात्रा आणि काउंट बेसीच्या बँडसाठी ते चार मात्रांत बसवलं. आज लोकांच्या कानात आहे ते हेच.

त्या संध्याकाळी जुन्याच पट्टीत तालीम झाली, आणि मला खरं नवल वाटलं ते तिच्या लयीचं. स्विंगमध्ये, म्हणजे या संगीताच्या डुलत्या लयीत, मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड. टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. गायिका शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते. ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला हे ओळखीचं वाटतं, पण एक फरक मोठा आहे. आपली गायिका लय वाढवते तेव्हा तबलजी तिच्याबरोबर जातो. इथे बँड थांबत नाही, की वाट पाहत नाही. मागे रेंगाळायचं ते स्वतःच्या भरवशावर.

कारण हे संगीत नाचणाऱ्यांसाठी घडलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर १९२६ साली उघडलं. तिथे बँडसाठी दोन मंच होते, एक बँड थांबला की दुसरा सुरू. १९३५ पासून ड्रमवादक चिक वेबच्या बँडबरोबर एला फिट्झजेराल्ड तिथे गायची, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. समोर शेकडो पावलं नाचत असताना गायिकेसाठी लय कोण थांबवणार? एलाची ती अचूक, तरीही निवांत लय मला या नाचघरातच तयार झालेली वाटते. १९३९ मध्ये वेब वारल्यावर तो बँड एलाच्याच नावाने चालला.

आईच्या आवडत्या 'अलबेला'मध्ये, १९५१ सालच्या, सी. रामचंद्रांसोबत गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. ते ब्रास, ती पितळी वाद्यं, मी लहानपणापासून ऐकतेय. त्यामागे किती कागद असतील हे आत्ता कळलं.

काल नवे चार्ट आले. शेवटची ओळ तिने इतकी मागे ठेवली की मी श्वास रोखून बसले. बँड पुढे निघाला, आणि शेवटच्या शब्दावर ती बरोबर त्यांच्यात होती. मी फोनवर रेकॉर्ड करून पुण्याला पाठवलं. आईने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "कुठली पट्टी गं ही?"

"पांढरी चार."