जोती, मोऱ्या आणि दोन हत्ती

रायगडावर इतिहासवेड्या माणसाबरोबर जाऊ नये, असं माझ्याबरोबर येऊन गेलेल्यांचं मत आहे. त्यांना मेघडंबरीपुढे हात जोडायचे असतात, टकमक टोकावर फोटो काढायचा असतो, पिठलं-भाकरी खाऊन रोपवेची रांग गाठायची असते. मी मात्र राणीवशामागे उकिडवा बसून मोरी बघत असतो.

हो, मोरीच. राण्यांच्या महालांची आता नुसती जोती उरलीत, पण तिथे हिंडताना शौचकूप दिसतात, सांडपाणी वाहून न्यायची दगडी सोय दिसते. समुद्रसपाटीपासून आठशेवर मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर, सतराव्या शतकात! सिंहासनाचं वर्णन बखरीत मिळतं. मोरीचं वर्णन कोण करणार? ती जागेवर जाऊनच वाचावी लागते.

जोतीच का उरली, त्यालाही कारण आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. गोळ्यांनी आग लागली, लाकूडकाम जळून गेलं, दगड तेवढा राहिला. त्यामुळे रायगड बघायचा तर नजर खाली ठेवूनच. खांबांच्या तळखड्यांवरून वरचं छप्पर मनात चढवायचं.

बाजारपेठेत हे फार चांगलं जमतं. समोरासमोर दोन ओळी, उंच जोती, पुढे ओटा, मागे खोल्या. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती एवढी उंच, असं प्रत्येक गाइड सांगतो. ऐकायला झकास आहे. पण घोड्यावरून मिठाचा भाव करणारा सरदार काही माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. गडावरचा पाऊस एकदा अंगावर घेतला की त्या उंचीचं दुसरं, साधंसं कारण सुचतं.

पाण्याचा विचार तर थक्क करतो. आषाढात धो धो कोसळायचं आणि वैशाखात थेंब नाही, अशा जागी राजधानी वसवायची. हिरोजी इंदुलकरांनी हे बांधकाम केलं. दगड गडावरच फोडायचा, वाडे त्याचे उभारायचे आणि दगड काढून झालेल्या खाणीत पाऊस साठवायचा; गंगासागर असाच झाला म्हणतात. माझ्या लेखी गडावरची सगळ्यात हुशार गोष्ट ही.

६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता. राजवाड्याच्या दाराशी त्याला दोन लहान हत्ती दिसले. एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले कसे, हे कोडं त्याने लिहून ठेवलंय. पिल्लं असतानाच चढवली, असं उत्तर गडावर मिळतं. मला त्यापुढचा प्रश्न छळतो: त्यांच्या पाण्याचं काय? त्यासाठी हत्ती तलाव बघावा. मधली कित्येक वर्षं त्यात पाणी ठरत नव्हतं. अलीकडे गळती बुजवल्यावर तो पुन्हा काठोकाठ भरला. आता त्याची भिंत नीट बघायची म्हणजे अर्धा तास तरी हवाच.