अंगठाबहाद्दर

मराठीत अंगठ्याला मान तसा बेताचाच. सही करता न येणारा तो अंगठाबहाद्दर. ऐनवेळी पाठ फिरवणारा अंगठा दाखवतो. हे सगळं लहानपणीच शिकलेली मी आता दिवसातून पन्नासदा अंगठा वर करते, आणि तोही कौतुक म्हणून!

फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं २००९ साली. त्याआधी कुणाचा फोटो आवडला तर 'छान' एवढं तरी लिहावं लागायचं. बटणाने तेवढीही तोशीस ठेवली नाही. पंचाईत व्हायची ती वाईट बातमीखाली. 'बाबा गेले' याच्या खाली अंगठा कसा ठेवायचा? मी ठेवलाय. जवळच्या मैत्रिणीच्या पोस्टवर, सरकवता सरकवता, सवयीने. लक्षात येताच काढला, पण तोवर तिने पाहिला असणार. ती काही बोलली नाही. पुढे २०१६ मध्ये अंगठ्याच्या जोडीला बदाम आला, हसरे-रडके-रागावलेले चेहरे आले आणि असल्या चुका टळल्या. आता दुःखालाही एक बोट पुरतं.

खरं सांगायचं तर मला सलतो तो अंगठा नाही. सलतं ते हे, की त्यानंतर कितीतरी दिवस मी तिला फोनच केला नाही. मनाच्या वहीत 'विचारपूस झाली' अशी नोंद आपोआप पडली होती. लाइकचं हेच लबाड काम आहे. ओळख तुटू देत नाही, पण भेटायची निकडही उरू देत नाही. पुढे आम्ही भेटलो तेव्हा मी विचारलं, "काय नवीन?" ती म्हणाली, "तू पाहतेसच की सगळं." मग दोघी जरा वेळ गप्प.

त्यात या पडद्याला तळच नाही. पान संपलं की हात आपोआप थांबतो, ती सोय आझा रास्किन नावाच्या माणसाने २००६ मध्ये 'इन्फिनिट स्क्रोल' काढून घालवली. पुढे त्यालाच पश्चात्ताप झाला. त्याने माझी झोप काही परत आली नाही.

एवढं असून मी हे सगळं बंद का करत नाही? मावशीमुळे.

मावशीला गेली काही वर्षं नीट ऐकू येत नाही. चारचौघांत बसली की सगळे हसले की हसायचं, असं तिचं चाललं होतं. कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर जायचं, म्हणून हळूहळू तिने बोलणंच सोडलं. लोकांना वाटलं, म्हातारी अबोल झाली. मग घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तिला घेतलं, आणि महिन्याभरात कळलं की ही बाई मुळीच अबोल नाही! तिथे कान लागतच नाहीत. भाच्याच्या बढतीवर तिची खवचट ओळ सगळ्यांत आधी येते. जुन्या फोटोत मागे अर्धा कापला गेलेला माणूस कोण, हे तीच सांगते. 'हे पाणी प्यायल्याने अमुक रोग बरा होतो' छापाचे फॉरवर्डही तीच पाठवते, पण ते मी सोडून देते.

मावशी टाइप करते ती तर्जनीने. एकेक अक्षर शोधून, चष्मा कपाळावर सरकवून, काना-मात्रेसकट. परवा तिने मला आईच्या लहानपणची एक हकिकत लिहून पाठवली. चांगली तीन बोटं लांब. मी कामात होते, अंगठा दिला. पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला : 'वाचलंस, का नुसता अंगठा लावलास?'

मग बसले. हकिकत दोनदा वाचली, सात-आठ ओळी लिहिल्या, दोन प्रश्न विचारले. खुणा निळ्या झाल्या. वर तिच्या नावाखाली 'टायपिंग' उमटलं, आणि बराच वेळ तसंच राहिलं.