पिछाडीची माणसं

आषाढ लागला की कोल्हापुरातल्या पेठांमध्ये दोनच विषय असतात. पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, आणि यंदा पावनखिंडीला कोण कोण चाललंय. आमच्या तालीम मंडळाची पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती मी शाळेत असल्यापासून बघतेय. आधी बाबांच्या मागं लागून गेले, मग मैत्रिणींना ओढून नेलं, आणि आता घरच्यांना ‘दोन दिवस तुमचं तुम्ही बघा’ असं बजावून जाते. एवढ्या वर्षांत माझी जागा बदललेली नाही. मी पिछाडीला.

मंडळाची रांग ठरलेली असते. पुढं भगवा, हलगी आणि वाट तोंडपाठ असलेली दोघं-तिघं. मध्ये सगळी गर्दी. शेवटी दोर, औषधाची पिशवी, शिट्टी आणि आमचे अण्णा. अण्णांच्या मागं कुणी राहायचं नाही, हा नियम. पहिल्या वर्षी माझी बारीक चण बघून बाबांनी मला त्यांच्या हवाली केलं. तेव्हा तालमीच्या मोहिमेत पोरी म्हणजे अप्रूपच होतं. ‘ही कुठं चालतीय साठ किलोमीटर?’ असं कुणीतरी म्हणालं. मी पण कोल्हापूरची. ‘चालतो की मी,’ म्हणाले. अण्णा हसले आणि औषधाची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. ती अजून आहे.

सकाळी गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमायचं. नारळ फुटतो, गारद होते, गुलालाचा पाऊस आणि खरा पाऊस एकदमच अंगावर येतो. मग राजदिंडीकडं. तीन दरवाजाचा थाट बघून आलेल्या नव्या पोरांची राजदिंडी बघून जरा निराशाच होते. एवढीशी वाट, बाहेर पडलं की सरळ उतार. पण १६६० साली, चार महिन्यांचा वेढा पडलेला असताना, याच उतारावरून आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराज बाहेर पडले. सिद्दी जौहर पावसाला दाद देणारा गडी नव्हता. छावणीवर छपरं घालून तो बसून राहिला होता. वेढा फोडायला बाहेरून आलेल्या नेताजी पालकरांनाही यश आलं नव्हतं. पावसात चौक्या थोड्या सैल पडतील, एवढाच काय तो भरवसा.

उतार संपला की तुरुकवाडी, म्हाळुंगे, आणि मग चढ. मसाई पठारावर पाय ठेवला की पहिलं काम म्हणजे पुढची रांग शोधणं. ती दिसत नाही. पठार अफाट आहे, एक संपलं की दुसरं सुरू होतं. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर गवत, जागोजागी साचलेलं पाणी आणि धुकं असं की स्वतःची काठी दिसावी आणि पाय दिसू नयेत. पाऊस इथं वरून पडत नाही, आडवा येतो. पुढून हलगी ऐकू येते, पण वाऱ्यानं आवाज फिरतो आणि ती डावीकडं आहे की उजवीकडं, कळत नाही. तेव्हा अण्णांची शिट्टी. दोन लांब म्हणजे ‘थांबा’, एक आखूड म्हणजे ‘चला’. मसाई देवीच्या देवळापाशी सगळे एकत्र आले की डबे उघडायचे. चपातीत खर्डा गुंडाळलेला, वर पावसाचं पाणी. त्या खर्ड्यासारखा खर्डा घरी एकदाही जमलेला नाही.

देवळापाशी आमच्या शाळेतले इतिहासाचे सर बोलायचे. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. पावसामुळं दहा-बारा जणांनाच ऐकू जायचं. शिवा काशीद पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा, हे मला त्यांच्याकडून कळलं. महाराजांसारखा दिसणारा न्हावी, मुद्दाम दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला, मारला गेला. सर मग एकदम विचारायचे, ‘आणि पालखी कुणी उचलली?’ सगळे गप्प. आत्ता ज्या निसरड्यावर आपण मोकळ्या हातांनी चारदा आपटलो, तिथून रात्री, चिखलात, खांद्यावर दांडी घेऊन भोई पळाले. त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? माझ्या मनात या वाटेवर सगळ्यात जास्त तेच येतात, महाराजांच्याही आधी. कुणाला राग आला तर येऊ दे.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी, पुढं मांडलाईवाडी. इथून रान दाट होत जातं. वाट कधी ओढ्यातून, कधी बांधावरून, कधी नुसती गुरांच्या खुरांनी तुडवलेली. जळवा लागतात. नवी पोरं किंचाळतात, जुनी माणसं मिठाची पुरचुंडी काढतात. आघाडीवाले हे सगळं झपाट्यानं पार करतात आणि संध्याकाळी ‘आम्ही चारलाच पोचलो’ असं सांगतात. पोचले असतील. पण भातलावणीला वाकलेल्या बायकांशी त्यांचं बोलणं झालेलं नसतं. प्लास्टिकची खोळ पांघरून, गुडघाभर चिखलात, तरवा हातात घेऊन त्या आमच्यासारख्या लंगड्यांची वाट बघत असतात. लांबूनच ओरडतात, ‘पळा की गं, सिद्दी आला मागनं!’ आणि खो खो हसतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘या, घोटभर च्या घेऊन जावा.’

पिछाडीला चालणारी माणसं मी खूप बघितली. बूट फाटल्यावर तळव्याला सुतळी बांधून चालणारा बँकेतला कारकून. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मावशी, ज्या दर चढाला ‘पुढच्या वर्षी नाही येणार’ म्हणायच्या आणि दर वर्षी यायच्या. बापानं जबरदस्तीनं पाठवलेला, कानात इअरफोन घातलेला पोरगा. बॅटरी संपली की तोच दोर धरायला पुढं. पिछाडीला कुणी कुणाला घाई करत नाही. आणि एक सांगते, बाजीप्रभूंची गोष्ट ही मुळात पिछाडीचीच गोष्ट आहे. पोवाड्यात खिंड एकदम समोर उभी राहते, तलवारी चालतात. पण त्याच्या आधी रात्रभराची चाल आहे, सिद्दी मसूद मागं लागलेला आहे, आणि कुणीतरी मागं थांबल्याशिवाय पुढच्यांना विशाळगड गाठता येणार नाही, हा साधा हिशोब आहे. बाजी, त्यांचे बंधू फुलाजी आणि बांदल मावळे मागं थांबले. दुसऱ्या दिवशी आपलेच पाय ओढत त्या वाटेनं गेलं की तो हिशोब पोटऱ्यांना समजतो.

मुक्काम करपेवाडीला किंवा आंबेवाडीला. शाळेच्या खोलीत जागा पुरत नाही म्हणून आम्हा बायका-पोरींना घरांमध्ये वाटून देत. माझं घर ठरलेलं. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, भिंतीपलीकडं गोठा, म्हशीचा उसासा थेट कानात. आजी चुलीपुढं बसवायच्या. आमचे मोजे चुलीच्या कडेला ओळीनं मांडायच्या आणि भाकरी उलटता उलटता एकेक मोजाही उलटायच्या, त्याच हातानं. भाकरीला मोज्याचा वास आणि मोज्याला भाकरीचा, असं आम्ही हसायचो. तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले. त्या खोबरेल तेल कोमट करून वाटी पुढं सरकवायच्या. भात, आमटी, कांदा. कोण कुणाची, आडनाव काय, काही विचारणं नाही. एकच प्रश्न, ‘औंदा पाऊस हाय का कोल्लापुरात?’

दुसरा दिवस जंगलाचा. रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी. बोलणं कमी होतं, पाय आपोआप चालतात. गव्यांच्या पावलांत पाणी भरलेलं असतं. पांढरेपाणी आलं की डांबरी रस्ता लागतो आणि मला दर वेळी त्याचा रागच येतो.

खिंडीत आता गर्दी फार होते. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. वर स्मारक आहे, लोखंडी शिडीनं खाली उतरायचं, दोन्ही बाजूंना काळे ओले कातळ आणि मधून घोट्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत पाणी. शिडीवर सेल्फीवाल्यांनी अडवलेलं असतं, बिस्लेरीच्या बाटल्या तरंगत असतात. त्या वेचायला एक पोतं पिछाडीकडंच असतं, हेही ओघानं आलंच. पण घोषणा उठली की कातळातून ती अशी घुमते की अंगावर काटा येतो, दर वर्षी येतो. बरेचजण इथूनच परततात. विशाळगडावर बाजी-फुलाजींच्या समाध्यांपर्यंत जाणारे थोडे. अण्णा जायचे, म्हणून मीही.

आठवड्याभरात तालमीत श्रमपरिहार. तांबडा-पांढरा, पायाच्या फोडांचं प्रदर्शन आणि जमाखर्चाचं वाचन. खजिनदार प्रत्येक ओळ खणखणीत वाचायचे. टेम्पो, दोर, औषधं, वाडीतली भांडी. आणि मग, ‘पिछाडीचा चहा.’ इथं दर वर्षी भांडण. वाडीतली माणसं चहाचे पैसे घेत नाहीत, म्हणून अण्णा लक्ष्मीपुरीतून साखरेचे आणि चहापत्तीचे पुडे घेऊन यायचे आणि घरोघरी ठेवायचे. आघाडीवाले म्हणायचे, चहा तुम्ही प्यायलात, मंडळानं का भरायचं? अण्णा म्हणायचे, ‘तुम्हीपण मागं चाला की. कुणी अडवलंय?’

अण्णा आता गुडघ्यांमुळं येत नाहीत. पन्हाळ्यापर्यंत येऊन नारळ फोडतात. शिट्टी माझ्याकडं आहे, आणि यंदाच्या जमाखर्चात साखर चार किलो लागलीय. खजिनदारांच्या मुलानं, आता तोच खजिनदार आहे, डोळे वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘वाच पुढं.’