माउसींची लक्ष्मी तीन गुरुवार आधी आली

६ नोव्हेंबरला सकाळी सव्वासहा वाजता मी कटकहून पुण्याला आईला फोन लावला आणि म्हटलं, आई, आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. आई म्हणाली, काहीतरीच काय, काल तर त्रिपुरी पौर्णिमा झाली, कार्तिक चालू आहे अजून. मी म्हटलं इथे मार्गशीर्ष लागला. त्यावर ती दोन मिनिटं काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, तू नीट झोपतेयस ना गं तिकडे?

ओडिशाची सगळी ट्रिप मला लिहायची आहे ती ह्या एका फोनसाठी. बाकी कोणार्क पाहिलं, चिल्का पाहिलं, दोन्ही सुंदर आहेत, त्यावर खूप जणांनी लिहिलंय.

तर आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण कटकची आहे, आठ वर्षं पुण्यात राहून मराठी मस्त बोलते. ती म्हणाली यायचं असेल तर कार्तिक पौर्णिमेला ये, घरीच राहा. तिच्या आईला मी माउसी म्हणायचं आणि वडिलांना मउसा, हे ट्रेनमध्येच ठरलं. दोन रात्री ट्रेनमध्ये गेल्या, त्याबद्दल तक्रार नाही.

आधी दोन दिवस पुरी केलं. तिथली खोली आठवली की अजून डोकं फिरतं. फोनवर एक भाडं सांगितलं आणि पोचल्यावर 'कार्तिक मासाची गर्दी आहे' म्हणून दुप्पट घेतलं, वर बाथरूमला कडी नाही. पण गर्दी खरंच होती आणि त्या गर्दीत माझं लक्ष सारखं जात होतं ते म्हाताऱ्या बायकांकडे. पांढऱ्या किंवा फिक्या साड्या, गळ्यात तुळशीमाळ. ह्या हबिषाली. कार्तिकभर पुरीत येऊन राहतात, पहाटे आंघोळ, दर्शन आणि दिवसातून एकदाच जेवण. साधा उकडा नसलेला तांदूळ, मुगाची डाळ, अळूचे कंद, कच्ची केळी, आलं, ओऊ नावाचं एक आंबट फळ, वरून तूप. कांदा-लसूण नाहीच, पण हळदसुद्धा नाही. एका आजींनी मला त्यांच्या पानातली डाळ दाखवली, पांढुरकी, आमटी म्हणून कोणी वाढली तर आपण विचारू की हळद विसरलात का. त्या माझ्याशी पंधरा मिनिटं ओडियात बोलत होत्या, मला चार शब्द कळले, पण त्यांनी माझा हात सोडला नाही. रांगेत मात्र ह्याच बायकांना मागचे लोक ढकलत होते, ते बघून मला फार वाईट वाटलं. महिनाभर एकवेळ जेवून उभं राहणाऱ्या माणसाला निदान पुढे तरी जाऊ द्यावं.

पौर्णिमेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रेला सोन्याचे दागिने घालतात, तो वेश बघायला मी थांबले नाही. त्या पहाटे मला कटकला महानदीच्या गडगडिया घाटावर असायचं होतं.

५ तारखेला पहाटे साडेतीनला माउसींनी उठवलं. अंधारात सगळं कटक नदीकडे चाललेलं, प्रत्येकाच्या हातात एक होडी. केळीच्या सोपटाची, कागदाची, काही शोल्याची, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या हलक्या गराची. आमची सोपटाची होती, मउसांनी आदल्या रात्री बांबूच्या काड्या खोचून केलेली, वीतभर लांब. तिच्यात पणती, उदबत्ती, विड्याचं पान, सुपारी, एक नाणं. ह्याला बोइत बंदाण म्हणतात. बोइत म्हणजे मोठं गलबत. ओडिशाचे व्यापारी, साधब, जावा, सुमात्रा, बालीला जायचे, वारं अनुकूल व्हायचं ते ह्याच सुमाराला, आणि घरच्या बायका किनाऱ्यावर गलबतांना ओवाळून निरोप द्यायच्या. त्याच दिवशी नदीकाठी बालीजात्रा सुरू होते, ती नावासकट त्याच आठवणीची. आपली नारळी पौर्णिमा आठवली, पण आपण समुद्राला नारळ देतो आणि हे लोक गलबतच पाण्यात सोडतात. होडी सोडताना सगळे म्हणत असतात 'आ का मा बै'. मी विचारलं म्हणजे काय, तर मैत्रीण म्हणाली महिने! आषाढ, कार्तिक, माघ, बैशाख, हे धर्माचे चार महिने. म्हणजे कमरेएवढ्या गार पाण्यात उभे राहून हे लोक होडीबरोबर आपलं पंचांगच म्हणत होते. मला तिथेच भरून आलं. थर्माकोलच्या होड्या पण होत्या खूप, त्या मात्र बघवत नव्हत्या.

आमची होडी दहा फूट गेली आणि दुसऱ्या होडीला अडकून तिच्याबरोबरच पुढे गेली. माउसी म्हणाल्या चांगलं झालं, सोबत मिळाली.

दिवसभर झोपलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरुवार.

मला जाग आली ती दारात कसला तरी ओला आवाज येत होता म्हणून. बघते तर माउसी उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसलेल्या, डाव्या हाताशी तांदूळ वाटून केलेल्या पातळ पिठाची वाटी, त्याला पिठऊ म्हणतात, त्यात उजव्या हाताची बोटं बुडवायची आणि सरळ फरशीवर काढायचं. चिमटीतून रांगोळी सोडणं मला माहिती, इथे रांगोळी अनामिकेवरून ओघळत खाली उतरते. आधी धानाच्या लोंब्या, मग कमळ आणि मग पावलं, लहान, एका आड एक, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत. ओलं असताना काही दिसतच नव्हतं, नुसती पाणेरी रेघ, आणि पंखा लावला तशी हळूहळू पांढरी होत पावलं वर आली, जणू कोणी आत्ताच चालत गेलंय. ह्याला झोटी म्हणतात. एरवी बुधवारी संध्याकाळीच काढून ठेवतात पण बुधवारी पौर्णिमा होती, सगळे दमलेले. तुळशीपाशी मात्र अजून कालची मुरुजाची रांगोळी होती, रंगीत पुडीची, ती कार्तिकाची. तुळशीपाशी कार्तिक आणि दारात मार्गशीर. महिना बदललेला मी पहिल्यांदा जमिनीवर पाहिला.

मी विचारलं हे कसलं? तर मैत्रीण म्हणाली माणबसा गुरुबार, मार्गशीरच्या प्रत्येक गुरुवारी लक्ष्मी. आणि मी फोन उचलला.

आईचा फोन ठेवल्यावर मउसांनी समजावलं, ते निवृत्त शिक्षक आहेत. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाचं नाव तेवढं बदलतं. आपला कार्तिक वद्य तो त्यांचा मार्गशीर कृष्ण. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, पण पंचांगातली ओळ वेगळी आणि डोळ्यासमोर वाळणारी पावलं वेगळी. ते म्हणाले तुमच्याकडे कार्तिकस्नान कधीपासून कधीपर्यंत? मी म्हटलं आजी कोजागिरी झाली की पहाटे काकड्याला जायची, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, पौर्णिमा ते पौर्णिमा! आजी आयुष्यभर अमावास्येचं कॅलेंडर भिंतीवर लावून हाच महिना पाळत होती.

मग त्यांनी पांजी, म्हणजे ओडिया पंचांग, काढली. पहिल्याच पानावर पुरीच्या गजपती राजाचा अंक, म्हणजे राज्यवर्ष. तो भाद्रपद शुद्ध द्वादशीला बदलतो, सुनिया म्हणतात, आपल्याकडे घरोघरी गणपती असतात ते दिवस. आणि तो अंक सरळ मोजत नाहीत. १ नाही, ज्याच्या शेवटी ६ तो नाही, शेवटी शून्य तो नाही, फक्त १० चालतो. त्यामुळे राजाचं पहिलं वर्ष म्हणजे अंक २, आणि ५ नंतर एकदम ७. शिवाय सौर वर्ष एप्रिलमध्ये पणा संक्रांतीला सुरू होतं, त्या दिवशी बेलफळाचं पणा पितात, आपलं पन्हंच. पांजीचं बोलताना पठाणी सामंतांचं नाव मउसा हात जोडून घेतात. ओडिशातल्या खंडपड्याचे ज्योतिर्विद, १८३५ ते १९०४, बांबूच्या आणि लाकडाच्या काड्यांनी ग्रहताऱ्यांचे वेध घेऊन ताडपत्रावर 'सिद्धांत दर्पण' लिहिणारे. जगन्नाथाच्या देवळातल्या विधींच्या वेळा त्यांच्या गणितावर चालत आल्या.

माउसींना ह्या गप्पांत रस नव्हता, त्यांची पूजा होती. माण म्हणजे धान मोजायचं वेताचं माप. ते नवीन धानानं शिगोशीग भरायचं, वर सुपाऱ्या, पाटावर ठेवायचं आणि तीच लक्ष्मी. माणबसा म्हणजे माप बसवणं, आपण घट बसवतो तसं. आपल्याकडे नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून येते, ती लक्ष्मी म्हणूनच येते ना? मी हे सांगितलं तर माउसी म्हणाल्या, लवंडलेलं माप? आणि जरा विचारात पडल्या.

त्यात घरात एक पेच झाला होता. कार्तिकभर मासळी-मटण बंद, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी छाडखाई, म्हणजे सुटलं एकदाचं, खा. आपण श्रावणाच्या आधी गटारीला खाऊन घेतो, हे लोक महिना संपल्यावर खातात, मला त्यांचंच बरं वाटतं. पण ह्या वेळी छाडखाई पडली नेमकी गुरुवारी. मैत्रिणीचा भाऊ सकाळपासून माउसींच्या मागे, महिनाभर थांबलोय. माउसी एवढंच म्हणाल्या, ती आत्ता आलीय. शुक्रवारी घरात रोहू आला.

दुपारी लक्ष्मी पुराण वाचलं, बलराम दासांचं. मैत्रीण कानाशी मराठीत सांगत होती. मार्गशीरच्या गुरुवारी लक्ष्मी फिरायला निघते, श्रिया चांडाळुणीचं झाडूनपुसून काढलेलं अंगण, काढलेली पावलं बघते आणि तिच्या घरी जाते. बलभद्र चिडतो, ती बाटली म्हणतो, जगन्नाथाला तिला घराबाहेर काढायला लावतो. ती जाताना शाप देते. मग दोघे भाऊ बारा वर्षं अन्नासाठी वणवण फिरतात, देवळात कण मिळत नाही. शेवटी जेवतात ते तिच्याच हातचं, आणि परत येताना तिची अट, महाप्रसाद ब्राह्मण-चांडाळ सगळे एकत्र खातील. आमच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पोथीत भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, शामबाला. तिथेही लक्ष्मीचा अपमान होतो आणि सगळं जातं. पण इथे अपमान करणारे खुद्द देव आहेत. ही गोष्ट बायका आपल्या स्वयंपाकघराशेजारी बसून दर वर्षी चार-पाच गुरुवार वाचतात, ह्याचं मला अजून आश्चर्य आणि कौतुक वाटतं.

पुण्यात आल्यावर आईनं तारखा मांडल्या. तिकडचे गुरुवार ६, १३, २०, २७ नोव्हेंबर आणि ४ डिसेंबर. आपले २७ नोव्हेंबर, ४, ११, १८ डिसेंबर. म्हणजे दोनच गुरुवार असे की लक्ष्मी दोन्ही घरी. ४ डिसेंबरला संध्याकाळी आईनंच व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. इकडे कलश, आंब्याचे डहाळे, तिकडे माण. दोघी आपापली पोथी एकदमच वाचायला बसल्या. आमची पोथी लहान, आईची आरती झाली, नैवेद्य झाला, तरी फोनमध्ये माउसींचं चालूच. आईचा दिवसभराचा उपास, मी ताट वाढलं. ती म्हणाली थांब, ते दोघे भाऊ जेवले का विचार आधी. मैत्रीण म्हणाली नाही काकू, अजून दारोदार फिरतायत. आईनं ताट बाजूला ठेवलं आणि ते जेवेपर्यंत फोनसमोर हात जोडून बसून राहिली.