कम्युनिटी पोस्टिंगमधलं एक घर

सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या पहिल्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "एखाद्याला काहीच त्रास नाही, तरी तू त्याचा रक्तदाब मोजलास. हा कुठल्या पातळीचा प्रतिबंध?" मी लगेच म्हटलं, प्राथमिक. उत्तर चुकलं. माणूस आजारी दिसत नाही म्हणजे आपण आजाराच्या आधी पोचलो, असं मी धरून चालले होते. लेव्हेल आणि क्लार्क यांनी सांगितलेल्या रोगप्रतिबंधाच्या तीन पातळ्या मला तोंडपाठ होत्या, पण त्या डोक्यात उतरलेल्या नव्हत्या. रोग शरीरात शिरण्याआधीच त्याला अडवणं, म्हणजे लस टोचणं, हे प्राथमिक. रोग आत सुरू झालाय, पण अजून बोलत नाही, अशा वेळी त्याला शोधून काढणं हे दुय्यम, आणि तपासणी त्यात बसते. नुकसान होऊन गेल्यावर माणसाला पुन्हा उभं करणं, पुढचं नुकसान टाळणं ही तिसरी पातळी. हे तिन्ही मला खऱ्या अर्थाने कळले ते पुढच्या सहा आठवड्यांच्या कम्युनिटी पोस्टिंगमध्ये, म्हणजे नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणून वस्तीत घरोघरी जाऊन केलेल्या कामात, एकाच घरात.

खरं तर मला वॉर्ड सोडून जायचंच नव्हतं. वॉर्डात सलाईन लावलं, ताप उतरला, पेशंट उठून बसला, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. जे मूल गोवर होऊन आजारी पडलंच नाही, त्याची नोंद कुठल्या केसपेपरवर होणार? शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली तर गोवराला पसरायला वाट राहत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. पण दारोदार फिरून लसीकरणाचं कार्ड मागणं मला तेव्हा नर्सिंग वाटत नव्हतं.

पहिला आठवडा बॅगेतच गेला. गृहभेटीची बॅग कशी हाताळायची याचा क्रम ठरलेला असतो. घरात गेल्यावर स्वच्छ कागद पसरायचा, त्यावर बॅग ठेवायची, आधी फक्त हात धुण्याचं सामान बाहेर काढायचं, हात धुवायचे, मगच ॲप्रन आणि बाकीच्या वस्तू. काम झालं की वापरलेलं साफ करायचं, पुन्हा हात धुवायचे आणि मग बॅग बंद. दिवसाचा क्रमही असाच: बाळंतीण आणि नवजात बाळ असलेलं घर आधी, संसर्गाचा रुग्ण असलेलं घर शेवटी. आपण एका घरातून दुसऱ्या घरात काय घेऊन जातोय, याचं भान या क्रमामुळे राहतं. त्याला कंटाळणाऱ्या मुली मी पाहिल्या. मलाही कंटाळा यायचा, पण आज मला वाटतं की हा भाग सर्वांत कडकपणे शिकवला पाहिजे.

माझ्या वाट्याला आलेल्या घरात चार माणसं होती. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि पाच महिन्यांचं बाळ. आजींना वर्षभरापूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. चालत होत्या, बोलत होत्या, उजव्या हातात थोडा अशक्तपणा उरला होता. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होत्या, तरी मोजला तेव्हा वरचा आकडा १६८ आला.

मी विचारलं, "आजी, गोळ्या रोज घेता ना?"

"घेते की."

पण पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तर बऱ्याच उरलेल्या होत्या. मग मी त्यांना पाऊण तास समजावलं. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नसते, मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी ठेवायचं, पुन्हा झटका आला तर काय होईल, सगळं. आजी मान हलवत होत्या. परत येऊन मी केअर प्लॅनमध्ये, म्हणजे अडचण, तिचं कारण आणि उपाय लिहायच्या वहीत, लिहिलं: औषधं अनियमित, कारण आजाराविषयी माहितीचा अभाव. उपाय, आरोग्यशिक्षण.

पुढच्या आठवड्यात गेले तर उरलेल्या गोळ्यांचा हिशेब तसाच. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना वही दाखवली. त्यांनी 'माहितीचा अभाव' या शब्दांखाली रेघ ओढली आणि विचारलं, "हे तुला त्यांनी सांगितलं की तू ठरवलंस?" मला उत्तर देता आलं नाही. मॅडम म्हणाल्या, या वेळी शिकवू नकोस. त्यांनाच सांगायला लाव, आणि करूनही दाखवायला लाव.

तिसऱ्या भेटीत मी आजींना म्हटलं, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. गोळी कधी, कशी घेता, एकदा करून दाखवाल?" त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, कुठली सकाळी, कुठली रात्री, का सोडायची नाही, तेसुद्धा. मग पाकीट हातात घेतलं. डाव्या हाताने धरून उजव्या अंगठ्याने गोळी दाबत राहिल्या. पत्रा फाटेना. दोनदा पाकीट मांडीवर पडलं. शेवटी त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "सून मोकळी असली की काढून देते. ती बाळाच्या मागे असते, पोरी. दर वेळी काय हाक मारायची?"

माहिती त्यांना माझ्याइतकीच होती. त्यांच्या अंगठ्यात जोर नव्हता, आणि मागायला संकोच होता. मी पाऊण तास त्यांना तेच सांगत बसले होते जे त्यांना आधीच ठाऊक होतं, याचं मला फार वाईट वाटलं. उपाय निघाला तो साधा: आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी, सून दर आठवड्याला एकदाच भरून ठेवणार. काही गोळ्या पाकिटाबाहेर ओलाव्याने खराब होतात, म्हणून कुठल्या डबीत चालतील ते आधी औषधविक्रेत्याला विचारून घेतलं. डबीची झाकणं आजींना डाव्या हाताने उघडता येतात का, हेही बसून पाहिलं. केअर प्लॅनमधली ओळ मी खोडली आणि नवी लिहिली.

त्याच सुमारास वर्गात जॉन स्नो या इंग्लिश डॉक्टरचा धडा चालू होता. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, असं त्याचं म्हणणं होतं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलराची साथ आली, आणि स्नोने मृत्यूंच्या नोंदी घेऊन घरोघरी पाणी कुठून येतं याची विचारपूस केली. त्याने काढलेला मृत्यूंचा नकाशा आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा, तो बंद करण्यासाठी काढलेला दांडा हे दोन्ही परीक्षेला येतं, म्हणून सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र हॅम्पस्टेडची विधवा लक्षात राहिली. ती त्या वस्तीपासून मैलोगणती लांब राहायची आणि तरी कॉलराने गेली. तिच्या मुलाकडे चौकशी केल्यावर कळलं, की ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते पाणी रोज मागवून घ्यायची. कुणी विचारलं नसतं तर तिचा मृत्यू स्नोच्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा ठरला असता. आजींच्या गोळ्यांच्या आठवड्यात हे वाचलं, म्हणून ते माझ्या मनात घर करून राहिलं.

बाळाचं काम सोपं झालं. कार्डावर सगळ्या लसी वेळेवर होत्या. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध हे सुनेला माहीत होतं, आणि पाणीसुद्धा नको हेही. मी तिला फक्त इतकंच सांगितलं की छान चाललंय. ते सांगणंही काम असतं, आणि आम्ही ते फार कमी करतो.

आजींच्या मुलाच्या बाबतीत मात्र माझं चुकलं. वय पस्तिशीचं, तब्येत ठणठणीत. आईचा रक्तदाब मोजताना म्हटलं, दादा, तुमचाही बघू या. ते नुकतेच बाहेरून आले होते, चहा हातात होता, बोलत होते. आकडा १५२ वर ९६. मला शोध लागल्यासारखं वाटलं आणि मी बोलून गेले, "तुम्हालाही बीपी आहे." त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या भेटीच्या वेळी ते घरी नव्हते, त्याच्या पुढच्याही नाही.

मी तेव्हा जवळजवळ सगळंच चुकवलं होतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसू द्यायला हवं, अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको, पाठीला टेकण, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, उघड्या दंडावर योग्य मापाचा पट्टा, आणि कुणी बोलायचं नाही. दोन वेळा मोजायचं. आणि एका दिवसाच्या आकड्यावर निदान होत नसतं, विद्यार्थिनीने तर ते करायचंच नसतं. तपासणी म्हणजे फक्त वेगळं काढणं, 'यांना पुन्हा बघायला हवं' एवढंच. त्या माणसाला मी एका वाक्यात रुग्ण करून टाकलं. त्याची आई झटक्यातून गेलेली, तेव्हा त्या वाक्याचं वजन त्याच्यासाठी किती असेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. पाचव्या आठवड्यात ते भेटले तेव्हा मी आधी माफी मागितली, मग नीट बसवून मोजलं. १४४ वर ९०. आरोग्य केंद्रात वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यायची चिठ्ठी दिली.

हात धुण्यावर आम्ही गटचर्चाही घेतली. तक्ते रंगवले, किमान वीस सेकंद कसे मोजायचे ते करून दाखवलं. एका बाईंनी विचारलं, "नळ सगळ्यांत मिळून एक, साबण तिथे टिकत नाही. मग?" आमच्या तक्त्यावर त्याचं उत्तर नव्हतं. १९८६ च्या ओटावा सनदेत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतल्या जाहीरनाम्यात, आरोग्यसंवर्धनाची पाच कामं सांगितली आहेत, आणि व्यक्तीची कौशल्यं वाढवणं हे त्यांतलं एकच आहे. धोरण, भोवतालची परिस्थिती, समुदायाची कृती आणि आरोग्यसेवांची नवी दिशा ही बाकीची चार. आम्ही एकाच कामाचे तक्ते घेऊन गेलो होतो. त्या दिवशी बायकांनीच बसून नळाजवळ साबण कुणी, कसा बांधायचा हे ठरवलं, आणि आम्ही ते लिहून घेतलं.

शेवटच्या भेटीत आजींचा रक्तदाब १४२ वर ८४ होता. डबीतले मागच्या दिवसांचे कप्पे रिकामे होते. शुक्रवारचा मात्र भरलेला होता, बाळाला ताप होता त्या दिवशी राहून गेली म्हणाल्या. पुढच्या तुकडीसाठी फॅमिली फोल्डर, म्हणजे त्या घराच्या नोंदींची फाइल, लिहायला बसले तेव्हा मी पहिल्या पानावर लिहिलं: आजींना उजव्या हाताने पाकीट फाडता येत नाही. डबी कोण भरतं ते दर भेटीला विचारणे. मुलाची चिठ्ठी दिली आहे, अजून केंद्रात गेलेले नाहीत. भेटल्यास आधी बसू देणे, मग मोजणे.