ट्रॉली जॅकवर लाकडी बैठक : काम कुठवर आलं

डबल स्टँड नसलेली मोटरसायकल घरी खोलायची म्हणजे पहिला प्रश्न ती उभी कशी करायची. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची चेन धुता येते, मागचं चाक काढता येत नाही. कारचा ट्रॉली जॅक हाताशी होता, पण त्याची वाटी जेमतेम 100 मिमी व्यासाची, आणि माझ्या गाडीच्या चेसिसचे दोन पाइप इंजिनखालून एकमेकांपासून 214 मिमी अंतरावर जातात. वाटी थेट लावली तर ती दोन पाइपांच्या मधोमध, म्हणजे चेंबरला (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) आणि ऑइल सोडायच्या बोल्टला टेकते. ॲल्युमिनियमच्या चेंबरवर गाडीचं वजन घेणं म्हणजे तडा जायला आमंत्रण. म्हणून वाटी आणि पाइप यांच्यामध्ये बसणारी लाकडी बैठक करायला घेतली. पुठ्ठ्याचा साचा आणि मापं आधीच झाली होती. आता वस्तू उभी राहिली आहे आणि वजन घेते आहे.

रचना साधी आहे. खाली 18 मिमी प्लायचा पाया, त्यावर दोन सागवानी ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात पाइप बसेल असा चर, आणि पायाच्या खालच्या अंगाला जॅकच्या वाटीत उतरणारी 9 मिमी प्लायची चकती. साच्यातून एक गोष्ट कळली ती महत्त्वाची : पाइप समांतर नाहीत. मागच्या बाजूला 214 मिमी असलेलं अंतर पुढे 206 वर येतं. ठोकळे गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, लावले असते तर पाइप चराच्या एकाच टोकाला टेकले असते. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत, तेव्हा लाकडाला करवत लावण्याआधी साचा गाडीखाली सरकवून बघाच.

ही बैठक दाखवली की पहिला प्रश्न येतो, "लाकूड एवढं वजन घेईल का?" हिशोब करू. गाडी 190 किलोची. दोन्ही चर मिळून पाइपाला टेकणारी जागा साधारण 64 चौरस सेंमी. सगळं वजन एकट्या बैठकीवर आलं असं धरलं तरी दर चौरस सेंमीला 3 किलो. साग आडव्या तंतूंवर याच्या कितीतरी पट भार सोसतो. लाकूड चेपून गाडी पडणार नाही. गाडी पडते ती बाजूला सरकून, आणि लाकूड गेलंच तर ते चराच्या काठाशी चिरतं. म्हणून माझं सगळं लक्ष जाडीपेक्षा काठांवर आणि बुडाच्या पकडीवर आहे.

काठाचं गणित असं. गाडी डावीकडे ढकलली गेली तर डावा पाइप आपल्या बाहेरच्या काठावर दाबतो आणि उजवा पाइप आतल्या. म्हणजे चारही काठ कामाचे, फक्त बाहेरचे मजबूत करून भागत नाही. चर 33 मिमी रुंद ठेवला (पाइप 28, बाकी रबरासाठी), दोन्ही बाजूंना 18-18 मिमीचे काठ सोडले, असा ठोकळा 69 मिमी रुंद झाला. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवला, कारण गाठ नेमकी काठात आली तर चीर तिथूनच धरते. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घेतलं. सागात थेट स्क्रू पिळला तर टोकाकडे फुटायची भीती असते. फेविकॉल आहेच, पण भरवसा स्क्रूंवर. पायाच्या प्लायचा वरचा थर मुद्दाम या पाइपाकडून त्या पाइपाकडे जाणाऱ्या रेघांचा ठेवला. वाकण्याचा ताण त्याच दिशेने येतो.

चर कोरायला राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) नाही. दोन्ही कडांवर करवतीने काप घेतले, मधलं लाकूड पटाशीने उडवलं आणि तळ अर्धगोल कानशीने गोल केला. तळ सपाट ठेवला तर पाइप एका रेषेवर टेकतो, वर धरलेले 64 चौरस सेंमी मग कागदावरच राहतात. इथे खडूची जुनी युक्ती वापरली. गाडीच्या पाइपाला खडू फासायचा, बैठक खालून दाबून धरायची, थोडी मागेपुढे हलवायची आणि काढून बघायची. जिथे पांढरा ठिपका उमटला तिथे लाकूड उंच. तेवढंच घासायचं, पुन्हा दाबायचं. सुरुवातीला ठिपके फक्त कडेला होते, मग ते पसरत तळाला आले, आणि शेवटी चरभर फिकट पट्टा उमटला. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. वरून जुन्या ट्यूबचं 2 मिमी रबर चिकटवलं, म्हणजे पाइपाचा रंगही वाचतो आणि घसरणही थांबते.

आता उंचीचा पेच. गाडी सरळ असताना पाइप जमिनीपासून 165 मिमीवर आहेत, पण ऑइलचा बोल्ट त्याखाली आणखी 12 मिमी लोंबतो. बैठक बाजूने सरकवायची असल्यामुळे पलीकडचा ठोकळा या बोल्टखालून जावा लागतो, म्हणजे खरी मोकळीक 153 मिमी. पूर्ण खाली बसवलेला जॅक 130, त्यावर बैठकीचे 52, मिळून 182. गाडी जमिनीवर असताना हे जमणारच नाही. म्हणून दोन्ही चाकांखाली 18 मिमी प्लायचे दोन-दोन तुकडे : 36 मिमी वाढले, बोल्ट 189 वर गेला आणि दोन सूत (7 मिमी) जागा मिळाली. साइड स्टँडखाली एक तुकडा जास्तीचा घेतो, त्यामुळे गाडीचा कल कमी होतो आणि डावा पाइप आडवा येत नाही. एवढं उभं केल्यावर ती उजवीकडे कलंडायला जास्त निमित्त लागत नाही, तेव्हा हँडल धरायला दुसरा माणूस हवाच. बैठक पाइपांना टेकली की बोल्ट आणि प्लाय यांच्यात 12 मिमी मोकळे राहतात, कारण चराचा तळ पायापासून 24 मिमी वर आहे.

जॅक उजवीकडून घालतो आणि इथे ट्रॉली जॅकचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. त्याची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. हात 300 मिमी लांब असेल आणि आडव्यापासून निघाला असेल तर 100 मिमी उचलताना वाटी जवळजवळ 17 मिमी मागे येते. जॅक बाजूने लावलेला, म्हणजे हे 17 मिमी नेमके गाडी पडण्याच्या दिशेने. जॅकची चाकं मोकळी फिरली तर जॅक स्वतः पुढे सरकून हिशोब पुरा करतो. चाकाखाली खडा अडकला किंवा फरशीचा सांधा आला तर जॅक गाडीलाच ओढतो. त्यामुळे खाली एक सपाट जाड पत्रा टाकतो आणि उचलताना डोळा गाडीपेक्षा जॅकच्या चाकांवर ठेवतो. वाटी स्वतःच्या खिळीवर फिरते, ते मात्र सोयीचं : जॅक थोडा तिरका लागला तरी बैठक पाइपांशी जुळून बसते. वाटीच्या चार दातांना शाई लावून पायावर त्यांचे ठसे घेतले आणि तिथे सूतभर खाचा कोरल्या. चकती आणि खाचा मिळून बैठक वाटीवर हलत नाही.

पहिल्यांदा वजन घेतलं ते मागचं चाक जमिनीपासून बोटभरच उचलून. बैठक गाडीच्या तोलापासून किंचित मागे लावली, म्हणजे पुढचं चाक टेकलेलं राहतं. पुढचा ब्रेक लिव्हर ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधला, नाहीतर गाडी जॅकवरून पुढे चालायला लागेल. कॅरिअर धरून हलवून पाहिलं : जॅकची चाकं थोडी कुरकुरली, बैठक जागची हलली नाही. उतरवल्यावर चर तपासले, रबरावर पाइपाचा ठसा दोन्हीकडे सारखा होता आणि काठांवर चीर नव्हती. पुढचं चाक उचलताना बैठक पुढे सरकवायची आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, पण ती चाचणी अजून व्हायची आहे.

चाक काढून ठेवायचं असेल तेव्हा गाडी तेलाच्या दाबावर सोडत नाही. सील थकलेला जॅक आवाज न करता खाली बसतो. उचलून झालं की दोन्ही पाइपांखाली लाकडी ठोकळ्यांची आडवीउभी रचना करतो आणि गाडी त्यावर टेकवतो. जॅक नुसता साथीला.

ज्यांच्या गाडीला इंजिनखालून पाइपच जात नाहीत, इंजिनच चेसिसचा भाग आहे, त्यांनी ही बैठक करू नये. चराला धरायला काही नसेल तर सगळं वजन परत चेंबरवर येतं. त्यांना स्विंग आर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांखाली) लागणारा पॅडॉक स्टँडच बरा.

राहिलेलं काम : पायाच्या दोन्ही टोकांना पट्टा ओवायला कड्या बसवायच्या आहेत, आणि रबर सोडून बाकी लाकडाला अळशीच्या तेलाचे दोन हात द्यायचे आहेत. कड्या पायाच्या वरच्या अंगाला घ्याव्यात की आरपार बोल्ट टाकून खाली नट-वायसर आवळावा, हे ठरत नाही. बोल्ट जास्त भक्कम, पण खाली नट आला की तेवढी उंची जॅकच्या हाताला अडेल असं दिसतंय. कुणी अशी कडी बसवली असेल तर खाली किती जागा सोडली ते सांगा.